निरोपाची पाळी

बोरखेडीच्या बस थांब्यावर सिमेंटचा एक बाक आहे. रिटायर झाल्यापासून देवाजी सकाळचे दोन तास त्या बाकावर काढतात. तलमडुगुहून येणाऱ्या पहिल्या बसमधून पेपरचा गठ्ठा उतरतो. त्यातला एक ते शेवटच्या पानापर्यंत वाचतात, मग चष्मा पुसून मोबाईल काढतात आणि गावाचा ग्रुप तपासतात. बाकीचे लोक ग्रुप बघतात. देवाजी तपासतात, जसे एकतीस वर्षं मंडल दफ्तरात, म्हणजे तहसील कचेरीत, अर्ज तपासले तसे.

दफ्तरात त्यांच्याकडे नोटिसांचं काम होतं. नोटीस निघाली की ती ज्याची त्याच्या हातात पडली पाहिजे आणि त्याची सही किंवा अंगठा कागदावर आला पाहिजे. जुने साहेब त्याला तामील म्हणत. नवे तेलुगू साहेब आले, त्यांनी दस्तखतला संतकम म्हणायला सुरुवात केली, पण तामील हा शब्द काही गेला नाही. माणूस सापडलाच नाही तर दोन पंचांसमोर नोटीस दाराला चिकटवायची, तिला चस्पा म्हणायचं. देवाजींना चस्पाचा मनातून तिटकारा होता. हाताखालच्या शिपायाला ते म्हणत, दाराला कागद चिकटवला म्हणून दाराला वाचता येत नाही. एका म्हातारीच्या तामिलीसाठी ते एकदा तीन वेळा तामसीला जाऊन आले होते. दफ्तरात त्यावरून त्यांची थट्टा व्हायची.

ही चिकाटी त्यांच्यात बापाकडून आली असावी, असं त्यांची मुलगी अर्पिता म्हणते.

त्यांचा बाप, फकिरा, गावाचे मौतीचे निरोप न्यायचा. बोरखेडीत कुणबी घरात माणूस गेलं की पाटलाचा माणूस बौद्धवाड्यात येई. तेव्हा त्या वस्तीचं नाव वेगळं होतं. फकिरा काठी घेऊन निघे. उन्हात, चिखलात, दहा कोस, बारा कोस. ज्या घरी पोचायचा त्या घराची ओसरी त्याच्यासाठी नव्हती. अंगणाच्या बाहेर उभं राहून सांगायचं आणि तसंच परत फिरायचं. पाणी कुणी दिलंच तर वरून ओंजळीत. फकिरानं दीक्षा घेतली त्या वर्षी काठी चुलीत घातली आणि पाटलाच्या माणसाला सांगितलं, आता मौतीचा निरोप आमी नेणार नाई. त्यानंतरचे दोन हंगाम घरातल्या कुणाला शेतावर काम मिळालं नाही. देवाजींचा जन्म त्यानंतरचा. त्यांनी ती काठी पाहिलेली नाही.

बाप म्हातारपणी कधीतरी एवढंच बोलायचा, की मौत उभ्या माणसाला सांगू नये. आधी बसवावं, मग सांगावं. त्याला कोणी बस म्हणत नसे. तो मात्र अंगणाबाहेरून म्हणे, बाई, जरा टेकून बसा, बोरखेडीहून आलो.

ग्रुप सुरू झाला लॉकडाऊनमध्ये. रेशन कधी येणार, दवाखान्याची गाडी कुठं आली, एवढ्यापुरता. तेव्हा त्यात सगळेच होते: गावातले, हैदराबादला गेलेले, पुण्याला गेलेले, लग्न होऊन भैंसा आणि किनवटकडे गेलेल्या लेकी. त्या लेकी विचारायच्या, कोणी माह्या मायले गोळ्या आणून देल्ल्या का? आणि कोणीतरी द्यायचं. ते दिवस वाईट होते, पण ग्रुप चांगला होता.

मग एका पोळ्याला मिरवणूक बौद्धवाड्यासमोर थांबली आणि वाजंत्री जरा जास्त वेळ वाजली. गावात दोन शब्द झाले असते आणि मिटलं असतं. पण ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला. पुण्याहून एकानं काही लिहिलं, हैदराबादहून दुसऱ्यानं त्याच्यावर चढ लिहिलं. तासाभरात हातपंपाजवळ दोन गल्ल्या समोरासमोर उभ्या. भांडण लावणारे तिकडे खाटेवर पडलेले होते, दगड इथल्या हातांत आले होते. देवाजी आणि वरच्या कुणबी गल्लीचे उद्धवराव मध्ये उभे राहिले म्हणून दगड खाली पडले.

त्या आठवड्यात देवाजींनी ग्रुपचे नियम आपल्या वळणदार अक्षरात कागदावर लिहिले, फोटो काढून टाकले. एका घराचे दोनच नंबर. आलेलं पुढं ढकलायचं नाही. आणि गावात राहतो तोच सभासद. एका बैठकीत त्यांनी त्रेचाळीस नंबर काढले. त्यात लेकीही गेल्या. मनकर्णा नावाच्या शेजारणीनं दारात येऊन विचारलं होतं, "भाऊ, पोट्ट्याईनं भांडन केलं, लेकीच्यायचे नंबर काऊन काढले?" देवाजींनी तिला समजावलं, की नियम सगळ्यांना सारखाच लागतो, एकाला सूट दिली की नियम राहत नाही. मनकर्णा म्हणाली, तुमी दफ्तरातले, तुमचंच खरं. आणि गेली.

नियमांचा उपयोग झाला, हे खोटं नाही. पुढं भैंशाकडे एकदा वातावरण तापलं तेव्हा आजूबाजूच्या गावांच्या ग्रुपांवर नाही नाही ते फिरलं. बोरखेडीच्या ग्रुपवर त्या दिवशी कापसाचा भाव आणि लाईट जाण्याची वेळ एवढंच होतं. देवाजींना त्याचा अभिमान वाटला. आपल्या बापाला काठी घेऊन बारा कोस चालावं लागलं, आणि आता कोणाच्याही बापाला चालावं लागत नाही, एका बोटानं गावाला कळतं, असं त्यांनी अर्पिताजवळ बोलूनही दाखवलं होतं.

गेल्या वर्षी कापसाच्या पहिल्या वेचणीत, एका मंगळवारी पहाटे, उद्धवरावांची आई बयनाबाई झोपेतच गेली.

उद्धवराव आईचे पाय धरून बसले होते. त्यांनी मुलाला, लखनला, एवढंच सांगितलं, साऱ्याईले कळव. लखननं आजीचा लुगड्यातला फोटो शोधला, खाली लिहिलं, दुःखद निधन, अंत्यविधी दुपारी एक वाजता, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर टाकलं. त्याच्या मते साऱ्यांना कळवून झालं होतं.

साऱ्यांना खरंच कळलं. देवाजींनी त्या निरोपावर बोट दाबून पाहिलं, किती जणांनी वाचला. एकशे सत्याऐंशी. गावात त्या वेळी जागं असलेलं प्रत्येक घर. चौऱ्याण्णव जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली. कितीतरी जणांनी जोडलेले हात पाठवले, एकानं चुकून वर केलेला अंगठा पाठवला. त्याखाली नऊ मिनिटांनी आदिलाबादच्या बाजारातला कापसाचा भाव आला, त्याखाली कुणाच्या तरी नातवाचा केक. देवाजींनीही श्रद्धांजली लिहिली. मग धोतर बदलून वरच्या गल्लीत गेले.

स्मशानात कुणीतरी विचारलं, रुपा कुठं आहे? रुपा म्हणजे उद्धवरावांची बहीण, भैंशाच्या पलीकडे दिलेली. उद्धवरावांनी लखनकडे पाहिलं. लखननं मोबाईल वर करून दाखवला, सहा दहालाच टाकलं. सगळ्यांनी माना हलवल्या. निरोप सहा दहाला गेला आहे, म्हणजे बस चुकली असेल. अडीच वाजेपर्यंत वाट पाहिली. आभाळ भरून आलं होतं. उद्धवरावांनी अग्नी दिला. मान हलवणाऱ्यांत देवाजीही होते.

रुपा संध्याकाळीही आली नाही. तिचा फोन आला नाही. मागच्या अखाजीच्या सणाला भावाबहिणीत काही वाजलं होतं, तेव्हापासून ती आईपुरतीच येऊन जाई, ते बायकांना आठवलं. उद्धवराव मनात कडू झाले. आई गेली तरी हिचा राग जात नाही, असं त्यांना वाटलं, आणि त्या कडूपणात त्यांनीही फोन लावला नाही. दुसऱ्यांच्या घरातल्या रागात कोण पडणार, म्हणून गावानंही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दहाच्या बसनं रुपा उतरली.

बायकांना बस फुकट झाल्यापासून ती महिन्या-दोन महिन्यांतून एकदा यायची. आधार कार्ड पदरात गुंडाळलेलं, हातात पिशवी. देवाजी बाकावरून उठले. राख सावडून झाली होती, आता आलीस काय, असं कोणी तिला बोलू नये, म्हणून आपणच सोबत जावं, असं त्यांच्या मनात आलं. तोवर ती हसत जवळ आली.

"जय भीम, देवाजीकाका." ती आणि अर्पिता दहावीपर्यंत एका बाकावर बसायच्या, तेव्हापासून ती त्यांना असाच नमस्कार करते. पिशवीतून तिनं चष्म्याची डबी काढून दाखवली. आईच्या चष्म्याची दांडी मोडली होती, मागच्या खेपेला ती दुरुस्तीला घेऊन गेली होती. भैंशाच्या दुकानदारानं दोनदा हेलपाटे घालायला लावले, ती सांगू लागली. आईला चष्म्याशिवाय तांदळातले खडे दिसत नाहीत, चार आठवडे बिचारीनं कसे काढले असतील कोण जाणे.

आपल्या हाताखालून हजारो नोटिसा गेल्या असतील, आणि या एका बाईच्या हातात काहीच पडलेलं नाही, हे देवाजींना एका क्षणात कळलं. बस निघून गेली. थांब्यावर ते दोघंच होते. निरोप न्यायचा नाही असं ज्या घरानं ठरवलं, त्या घरातल्या माणसाकडे निरोप चालत आला होता.

"रुपा," ते म्हणाले, "बस बरं इथं जरा."

ती हसतच बसली. मग त्यांच्या तोंडाकडे पाहून तिचं हसू थांबलं. तेही शेजारी बसले.

"तुही माय मंगळवारी पहाटे गेली व. झोपेतच गेली. तरास नाई झाला."

रुपानं डबी उघडली, बंद केली. रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली, तिच्यातून उडालेले पुंजके डांबरावर लोळत राहिले. मग ती म्हणाली, "गावाले माईत होतं?"

"हो."

"साऱ्या गावाले?"

"हो."

"तुमाले?"

"मले बी."

"मंग काका, मीच या गावची नव्हती का?"

देवाजी खोटं बोलू शकले असते. लखननं कळवायला हवं होतं, उद्धवरावांनी फोन करायला हवा होता, आणि ते सगळं खरंही होतं. ते म्हणाले, "ग्रुपातून तुहा नंबर म्याच काढला होता. चार वर्सं झाले." आणि त्यांनी आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. रुपानं ती तोंडाला लावली आणि अर्धी प्याली. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

ते तिला घेऊन वरच्या गल्लीत गेले. ओसरीवर बसलेले उद्धवराव तिला पाहून म्हणाले, भेटली का सवड? देवाजी पायरीखालूनच म्हणाले, "उद्धवराव, तिले आत्ता कळलं. थांब्यावर. म्या सांगतलं." उद्धवराव उभे राहिले आणि पुन्हा खाली बसले. लखन आत निघून गेला. बहीण भावाजवळून आईच्या खोलीत गेली, भावाकडे तिनं पाहिलं नाही.

पुढचे आठ दिवस देवाजी थांब्यावर गेले नाहीत. अर्पिता आदिलाबादला शाळेत शिकवते, तिनं फोनवर सरळ उपाय सांगितला, की बाबा, लेकींचे नंबर परत घाला. देवाजींना ते पटलं, पण पुरलं नाही. नंबर घातले तर पुण्या-हैदराबादचेही मागतील, आणि दगड पुन्हा इथल्याच हातांत येतील. आणि समजा रुपा ग्रुपात असती. कापूस वेचता वेचता तिनं मोबाईल काढला असता, आणि कापसाचा भाव आणि केक यांच्यामध्ये तिला आई मेलेली दिसली असती. उभ्या उभ्या. त्यांनी अर्पिताला विचारलं, हे तामील म्हणायचं का? ती म्हणाली, नाही बाबा. मग त्यांनीच सांगितलं. ग्रुप म्हणजे गावाचं दार आहे. आपण चार वर्षं दाराला कागद चिकटवत होतो आणि समजत होतो की सांगून झालं. बाप बारा कोस चालायचा तेव्हा निदान निरोप कुणी न्यायचा, हे एकाला तरी माहीत असायचं. आता सगळ्यांना कळतं, म्हणून सांगायचं कोणाचंच नसतं.

तेरवी झाल्यावर त्यांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत बैठक बोलावली. दोन्हीकडचे मिळून चाळीसेक जण आले. देवाजींनी कागद वाचून दाखवला. प्रत्येक घरानं आपल्या माणसांची यादी द्यायची, की आमच्यातलं कोणी गेलं तर कोणाकोणाला सांगायचं. लेकी आधी. एका बसच्या अंतरावर असेल तिथं माणसानं स्वतः जायचं. लांब असेल तर फोन, पण आधी तिथल्या शेजारच्याला, की जा, तिच्याजवळ बस, मग तिला फोन दे. कोणी जायचं, त्याची घरांच्या क्रमानं पाळी. सगळ्यांना सांगून झाल्याशिवाय ग्रुपवर टाकायचं नाही. आणि टाकल्यावर त्या दिवशी ग्रुपवर दुसरं कोणी काही लिहायचं नाही, इतरांच्या लिहिण्याची कळ देवाजी बंद ठेवतील. ज्याला हात जोडायचे त्यानं घरी जाऊन जोडावे.

खोलीत थोडी चुळबूळ झाली. वरच्या गल्लीचे यशवंतराव, पान लावता लावता, फार वाईट हेतूनं नाही, पण म्हणाले, "देवाजी, हे काम तं तुमच्याच घरचं होतं की गा. आता पुन्हा सुरू करून राह्यले का?"

दोघं-तिघं हसले आणि थांबले. मागच्या भिंतीजवळ बौद्धवाड्यातली पोरं उठून उभी राहिली. देवाजींनी हातानं त्यांना खाली बसवलं. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"होतं," ते म्हणाले. "बापानं सोडलं. मी ते उचलाले नाई आलो, यशवंतराव. वाटाले आलो."

यशवंतरावांचं पान तोंडात गेलंच नाही. मग उद्धवराव उठले, टेबलावरचं कोरं रजिस्टर ओढलं आणि पहिल्या ओळीत आपल्या घराचं नाव घातलं. यादीच्या जागी त्यांनी एकच नाव सांगितलं आणि देवाजींनी ते लिहून घेतलं. "रुपा. माह्या मौतीचा निरोप तिले पयले." रुपा त्यानंतर भाऊबीजेला आली नाही. चष्म्याची डबी आईच्या फोटोखाली आहे.

रजिस्टर भरायला दोन महिने लागले. काही घरांनी आजही यादी दिलेली नाही. दोघं ग्रुप सोडून गेले, म्हणाले, मेल्यावरचं जिवंतपणी कशाला लिहायचं? देवाजींनी त्यांच्या नावापुढे रेघ मारली नाही, जागा कोरी ठेवली.

संक्रांत झाल्यावर चार दिवसांनी, बौद्धवाड्यातल्या भागीरथाबाई गेल्या. उजाडायला आलं होतं. त्यांची लेक दीक्षा तामसीकडच्या एका गावी शाळेत बाई आहे. देवाजींनी रजिस्टर उघडलं आणि पाळी कोणाची ते पाहिलं. पाळी यशवंतरावांची होती.

पाळीच्या यादीतलं एक नाव पुसून दुसरं लिहिणं सोपं होतं. उद्धवरावांना सांगितलं असतं तर ते लगेच निघाले असते. देवाजींनी यशवंतरावांनाच फोन लावला. यशवंतरावांनी नाव, गाव ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासानं अंगणात मोटारसायकल थांबली. डोक्याला मफलर, अंगात धुतलेला सदरा. यशवंतराव गाडीवरून उतरले नाहीत. म्हणाले, मी असं काम कधी केलं नाही. मग जरा वेळानं, खाली बघत, त्यांनी विचारलं, "काय म्हनाव लागते, देवाजी?"

देवाजी ओसरीवरून खाली आले. बापाची काठी त्यांनी पाहिली नव्हती, पण बापाचं वाक्य त्यांच्याजवळ होतं.

"आधी बसवा," ते म्हणाले. "तुमीही बसा. मंग सांगा. अन् सांगून झालं की लगेच उठू नका."

यशवंतराव गेले. देवाजी मोबाईल पुढ्यात ठेवून बसले. ग्रुपवर अजून काही नव्हतं. गल्लीत मात्र बायकांची ये-जा सुरू झाली होती, आणि मनकर्णा दारावरून जाताना न थांबता म्हणाली, दीक्षाले सांगतलं का? देवाजी म्हणाले, माणूस गेला आहे.

आठ चाळीसला फोन आला. यशवंतरावांचा आवाज बसला होता. सांगितलं, ते म्हणाले, बसवून सांगितलं. शेजारणीला बोलावून घेतलं. दीक्षाबाई आता तयार होत आहेत, आपल्याच गाडीवर घेऊन येतो.

"पानी देल्लं त्याइनं," यशवंतराव म्हणाले. "पेलो."

देवाजींनी रजिस्टरमध्ये त्या ओळीपुढे वेळ लिहिली आणि लिहिलं, तामील. मग मोबाईल उघडून भागीरथाबाईंचं नाव, वय आणि अंत्यविधीची वेळ गावाला कळवली, आणि कळ बंद केली. खाली कोणाचंच काही आलं नाही. थोड्या वेळानं वरच्या गल्लीकडून चपलांचे आवाज येऊ लागले. देवाजींनी रजिस्टर मिटलं, पायांत वहाणा सरकवल्या आणि तेही निघाले.